हृदयरोगतज्ज्ञाच्या नावापुढचा आकडा

वैद्यकीय परिषदेत पाहुण्या वक्त्याची ओळख करून देताना पूर्वी पदव्या वाचत, मग सुवर्णपदकं, मग परदेशातली वर्षं. हल्ली त्यात एका वाक्याची भर पडली आहे: ‘सरांचे तीनशेच्या वर पेपर आहेत, अकरा हजार सायटेशन्स आहेत आणि एच-इंडेक्स बेचाळीस आहे.’ टाळ्या पडतात. बेचाळीस म्हणजे बेचाळीस काय, असं टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारलं तर निम्मे शेजाऱ्याकडे बघतील. आकडा मोठा आहे एवढं कळतं आणि तेवढ्यावर भागतं.

हा आकडा वैद्यकाच्या घरात जन्मलेला नाही. त्याचा माग काढत मागे गेलं की तो वकिलांच्या कपाटात सापडतो, तिथून ग्रंथपालाच्या टेबलावर, आणि मग न्यू जर्सीतल्या कोंबड्यांच्या एका खुराड्यात. डॉक्टरच्या नावापुढे तो फार उशिरा येऊन बसला, आणि बसवणारा माणूस डॉक्टरही नव्हता. ज्या कामासाठी तो निघाला होता ते काम वेगळं होतं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं होतं. वाटेत त्याच्या हातून एक गोष्ट सुटली, तिच्याकडेही बघायला हवं.

आधी कोणी काय म्हटलं ते सांगून मग आपलं म्हणणं मांडायचं, ही रीत जुनीच. विल्यम हार्वीने १६२८ साली फ्रँकफर्टला छापलेल्या ७२ पानी पुस्तकात रक्त शरीरभर फिरतं हे दाखवलं. त्यात गेलनचं म्हणणं खोडतानाही त्याने गेलनचं नाव घेतलं, पडुआत आपल्याला शिकवणाऱ्या फॅब्रिशियसचं घेतलं, रक्त फुप्फुसातून जातं असं सांगणाऱ्या कोलंबोचंही घेतलं. त्यात नाही ते इब्न अल-नफीसचं नाव. हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त मधल्या पडद्यातून झिरपत नाही, ते फुप्फुसातून फिरून डावीकडे येतं, असं कैरोच्या या हकिमाने तेराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. ते हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागलं १९२४ साली. तोवर जगाच्या वहीत त्याच्या नावावर काही नव्हतं, आणि त्यामुळे त्याचं म्हणणं चुकीचंही ठरत नव्हतं.

छापील नियतकालिकं वाढली तशी कोणी काय लिहिलं हे शोधणं हेच एक काम होऊन बसलं. अमेरिकेत सैन्यदलाच्या सर्जन जनरलच्या ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केला. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतले लेख विषयवार आणि लेखकवार लावलेली ही सूची. जनगणनेची मोजदाद यंत्राने करता येईल ही कल्पना हर्मन होलरिथ यांच्या डोक्यात घालणारेही हेच बिलिंग्ज. त्यातून निघालेली छिद्रांची कार्डं पुढे याच गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

विषयसूचीची एक अडचण असते. ती मागे बघायला शिकवते. १९४९ चा लेख हातात आहे, त्याच्या शेवटी १९३१ च्या लेखाचा उल्लेख आहे, म्हणजे मागचा रस्ता मोकळा. पण १९४९ चा लेख वाचून १९५२ मध्ये कोणी काय केलं? तो बरोबर ठरला की कोणी तो खोटा पाडला? हे विषयसूची सांगत नाही.

वकिलांना मात्र नेमकं हेच हवं असतं. कोर्टात एखादा निवाडा पुढे करायचा आणि समोरच्या वकिलाने उठून ‘तो वरच्या कोर्टाने कधीच फिरवला’ असं सांगायचं, यासारखी नामुष्की नाही. शिकागोच्या फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ साली यावर उपाय काढला. कोणत्या निवाड्याचा उल्लेख पुढे कोणत्या निवाड्यात आला, याच्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्या ते छापून देत. वकिलाने त्या आपल्या ग्रंथात मूळ निवाड्याशेजारी चिकटवायच्या. पुढे त्याचे जाडजूड खंड झाले. त्यातला कळीचा तपशील असा, की प्रत्येक उल्लेखापुढे एक अक्षर असे. निवाडा मानला, त्यावर टीका केली, तो वेगळ्या परिस्थितीतला म्हणून बाजूला ठेवला, की फिरवला, हे त्या अक्षरावरून कळे. आपल्याकडे नागपूरहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ ज्यांनी चाळला आहे त्यांना अशा खुणांची सवय असेल. दाखल्यापुढे शेरा असतो, कारण शेऱ्याविना दाखला कोर्टात कवडीचा नसतो.

मोजणी मात्र वकिलांनी केली नाही. ती केली ग्रंथालयाच्या गरजेने. १९२७ साली कॅलिफोर्नियाच्या पोमोना कॉलेजातल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी ‘सायन्स’मध्ये एक साधा प्रश्न मांडला: छोट्या कॉलेजला रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घेणं परवडेल आणि कोणती घेतलीच पाहिजेत? अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा अंक-संच घेऊन त्यांनी त्यातले ३,६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या नियतकालिकाचा उल्लेख किती वेळा येतो ते लावून पाहिलं. कपाट लहान, पैसे थोडे, म्हणून मोजणी. त्यात कोणाच्या बढतीचा प्रश्न नव्हता.

आता आपल्या मुंबईकडे. १९४९ च्या ऑक्टोबरात ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सहा पानांचा लेख आला. विषय होता सर्पगंधा आणि उच्च रक्तदाब. पन्नास रुग्णांवर ही वनस्पती देऊन त्यांनी रक्तदाब मोजत नेला होता. ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच सर्पगंधा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते असं एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, आणि त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी तिच्या मुळातली रसायनं वेगळी करत होते. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाच्या टेबलावर पोहोचला तो वकिलांचा लेख. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला, भारतातून औषध मागवलं आणि आपल्या रुग्णांना देऊन पाहिलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं.

पुढचा टप्पा तर वैद्यकाच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक चाचणी झाली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना तीन औषधांची जोडणी दिली, त्यात एक रिसर्पिन. ७० जणांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. १९६७ साली निकाल छापला तेव्हा नुसत्या गोळ्यांच्या गटात गंभीर घटना २७, औषधाच्या गटात २. रक्तदाबावर उपचार केल्याने माणूस वाचतो, हे त्याआधी इतक्या स्वच्छपणे कोणी दाखवलं नव्हतं.

सेन-बोस, वकील, विल्किन्स, सिबा, फ्रीस. ही वंशावळ आज आपण बसल्या जागी लावू शकतो. १९५० साली मुंबईत बसलेल्या वकिलांना आपल्या लेखाचं बोस्टनमध्ये काय होतंय हे कळायला पत्राची वाट बघावी लागत असणार. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला तो कोणी त्यांचे दाखले मोजून नव्हे. तसं मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं. कोणीतरी लेख वाचला होता आणि औषध रुग्णाला देऊन पाहिलं होतं.

ते साधन त्याच वर्षांत आकार घेत होतं, पुढे न्यू जर्सीतल्या कोंबड्यांच्या खुराड्यात कचेरी थाटणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात. यूजीन गारफील्ड हा रसायनशास्त्र शिकलेला तरुण १९५१ पासून बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या वेल्च ग्रंथालयात होता. वैद्यकीय लेखांची सूची यंत्राने करता येईल का, हे तपासण्याचं तिथे काम चाललं होतं. १९५३ साली त्याला कोलोरॅडोहून एक पत्र आलं. पाठवणारे विल्यम अडेर हे शेपर्डच्या कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष. वकील जे करतात ते वैज्ञानिकांनी का करू नये, असा त्यांचा सवाल. गारफील्डने शेपर्डचे खंड काढून पाहिले आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. १५ जुलै १९५५ च्या ‘सायन्स’मध्ये त्याने आपली योजना मांडली. नमुना म्हणून घेतला हान्स सेल्ये यांचा १९४६ चा ताणतणावावरचा लेख, आणि त्याचा उल्लेख पुढे कोणकोणत्या लेखांत आला याची यादी लावून दाखवली.

त्या लेखात गारफील्डने दिलेलं पहिलंच कारण आज वाचताना चटका लागतो. खोटा, अपुरा किंवा कालबाह्य झालेला मजकूर लोक डोळे मिटून पुढे उद्धृत करतात, ते थांबावं. आधीच्या लेखावर काय टीका झाली आहे हे प्रामाणिक अभ्यासकाला कळावं. म्हणजे वकिलाची गरज, तीच. लेखकाला गुण देण्याची भाषा त्यात मुख्य नाही.

पैसे मिळायला वेळ लागला. १९५९ साली नोबेल विजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी गारफील्डला लिहून विचारलं, त्या योजनेचं पुढे काय झालं? त्यांच्या खटपटीने तीन लाख डॉलरचं सरकारी अनुदान मिळालं, आधी नुसत्या जनुकशास्त्राची सूची झाली. सर्व विज्ञानाची सूची छापायला सरकारने हात आखडला, तेव्हा गारफील्डने ती स्वतःच्या हिमतीवर १९६४ पासून बाजारात आणली. पहिल्या संचात १९६१ सालची ६१३ नियतकालिकं आणि सुमारे १४ लाख दाखले होते. बिलिंग्ज-होलरिथची छिद्रांची कार्डं इथे पुन्हा कामाला आली.

हे खंड ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पान म्हणजे मुंग्यांची रांग. भिंग घेऊन वाचावं असा बारीक ठसा, स्तंभामागे स्तंभ. आधी ज्याचा दाखला दिला त्याचं आडनाव आणि आद्याक्षरं, मग साल, नियतकालिकाचं तोडलेलं नाव, खंड, पान: वकील आर जे, ४९, ब्रिट हार्ट जे, ११, ३५०. लेखाचं शीर्षक नाही. खाली एकेका ओळीत ज्यांनी दाखला दिला ते. हा दाखला मूळ लेखातून आला, समीक्षालेखातून की पत्रातून, याची खूण होती. पण तो बाजूचा की विरुद्ध, याची खूण नव्हती. शेपर्डचं ते एक अक्षर गळून पडलं होतं.

का गळलं हे समजण्यासारखं आहे. वकिलाचे निवाडे मोजके, ते वाचून शेरा मारणारा माणूस नेमता येतो. लाखो शोधनिबंध वाचून प्रत्येक दाखल्याचा सूर ठरवणं कोणाला शक्य होतं? कार्ड पंच करणारी मुलगी संदर्भ उतरवून घेऊ शकते, मतभेद नाही. पण वकिलांच्या वहीत जो शेरा होता त्याच्या जागी वैज्ञानिकांच्या वहीत नुसती हजेरी उरली. आणि हजेरी मोजता येते. पुढचं सगळं रामायण या एका गळतीतून घडलं, असं माझं मत आहे.

मोजायला सुरुवात झालीच. आपल्या सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला गारफील्ड आणि आयर्विंग शेर यांनी एक भागाकार वापरला: गेल्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले दाखले, भागिले त्या लेखांची संख्या. १९७५ पासून हे आकडे वर्षाला छापले जाऊ लागले. हाच तो इम्पॅक्ट फॅक्टर. दोन वर्षांत फळ धरणाऱ्या विषयांना तो मानवतो. डॉ. वकिलांच्या लेखापासून फ्रीसच्या निकालापर्यंत अठरा वर्षं गेली. त्याला या भागाकारात जागाच नाही. हृदयरोगाच्या नियतकालिकांचे आकडे आज फुगलेले दिसतात त्यात उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांचा वाटा मोठा आहे. त्या सूचनांचा दाखला प्रत्येकाला द्यावाच लागतो.

नावांचा घोळ हा आणखी एक वारसा. आडनाव आणि आद्याक्षर एवढ्यावर चालणारी वही अमेरिकनांना पुरली असेल. आपल्याकडे ‘पाटील एस’ म्हणजे सुरेश, सुनीता, संजय, शैलजा आणि आणखी पन्नास जण. कुलकर्णी, जोशी, देशमुखांचं तेच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टर बाईंचं अर्धं काम एका नावावर, अर्धं दुसऱ्या. २०१२ मध्ये प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी ओळखक्रमांक देण्याची ऑर्किड ही सोय आली. त्याआधीची खाती अजून एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि कोणाच्या खात्यात चुकून दुसऱ्याचे दाखले जमा झाले तर तक्रार करायला सहसा कोणी जात नाही.

आता हृदयरोगाच्या वह्या जरा उघडून बघू.

तुम्ही लिपिड प्रोफाइल केलं असेल तर त्या कागदावर एलडीएल नावाची ओळ असते. पुष्कळ लॅबमध्ये हा आकडा थेट मोजलेला नसतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून तेही वजा करायचं, उरलं ते एलडीएल. हे सूत्र फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिकसन यांनी १९७२ साली ४४८ जणांच्या रक्तावरून मांडलं. हृदयरोगाशी संबंधित सगळ्यात जास्त दाखले मिळालेल्या लेखांत ते मोडतं. कारण उघड आहे: ज्याने ज्याने एलडीएल काढलं त्याला पद्धत सांगावी लागते. गमतीची गोष्ट ही, की पद्धतीचे लेख सगळीकडेच वर असतात. आजवर सर्वाधिक दाखले मिळालेला लेख म्हणजे ओलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा, प्रथिन कसं मोजावं यावरचा.

याच्या उलट गोष्ट फ्रॅमिंगहॅमची. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात १९४८ पासून हजारो माणसांच्या हृदयावर नजर ठेवली गेली, आणि १९६१ साली विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या जोखमीच्या घटकांवर लेख लिहिला. आज गल्लीतला फॅमिली डॉक्टरही ‘तुमचे रिस्क फॅक्टर बघू’ म्हणतो. १९६१ च्या लेखाचं नाव कोण घेतं? रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे बरोबर हेरलं होतं. कल्पना सर्वांच्या अंगात मुरली की तिचा जनक वहीतून पुसला जातो. म्हणजे फार मोठं यश मिळालं की दाखले थांबतात.

आणि काही खाती तर कोणाच्याच नावावर नाहीत. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आयसिस-२ चाचणीचा निकाल आला. १६ देश, ४१७ रुग्णालयं, हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण. ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्के कमी झाले, स्ट्रेप्टोकायनेजने २५ टक्के, दोन्ही मिळून ४२ टक्के. छातीत कळ आली की ॲस्पिरिनची गोळी द्यायची, हे आज खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही माहीत असतं, ते बऱ्याच अंशी या चाचणीमुळे. लेखक म्हणून छापलं होतं गटाचं नाव. नियतकालिकाने रुग्णांचे उपगट पाडून मागितले, तेव्हा लेखकांनी रागाने राशींचाही एक उपगट पाडून दिला: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन मानवत नाही! आकडे किती हास्यास्पद बोलू शकतात याचा इतका खोडसाळ पुरावा वैद्यकात दुसरा नसेल. राशीभविष्य रोज वाचणाऱ्या आपल्याला तो सहज पचेल ही भीती वेगळी.

मोठ्या खात्यांपैकी एक यूजीन ब्राउनवाल्ड यांचं. व्हिएन्नात १९२९ साली जन्मलेले, नाझींपासून पळून अमेरिकेत आलेले. हृदयविकाराच्या झटक्यात किती स्नायू मरतो हे आधीच ठरलेलं नसतं, ते कमी करता येतं, हे त्यांच्या गटाने सत्तरीच्या सुरुवातीला दाखवलं. १९८४ पासून टिमी नावाच्या चाचण्यांची रांग लावली. हजाराहून अधिक पेपर. डीएम करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या टेबलावर त्यांचं जाड पुस्तक असतं आणि वाद झाला की ‘ब्राउनवाल्डमध्ये बघ’ हा शेवटचा शब्द असतो. २०२५ मध्ये ते गेले. माणूस गेला तरी खात्यावर दाखले जमा होत राहतात.

त्यांच्याच हार्वर्डच्या प्रयोगशाळेत जॉन डार्सी नावाचा अत्यंत हुशार समजला जाणारा तरुण होता. मे १९८१ मध्ये सहकाऱ्यांनी त्याला पकडलं. एका कुत्र्यावर काही तासांत केलेल्या नोंदींवर तो वेगवेगळ्या दिवसांच्या, आठवड्यांच्या चिठ्ठ्या लावत होता. मग मागचं उकरलं गेलं. त्याच्या एका लेखात कुटुंबातल्या हृदयविकाराची वंशावळ छापलेली होती. त्यात एक १७ वर्षांचा मुलगा होता आणि त्याची चार अपत्यं: वय ८, ७, ५ आणि ४. सहलेखकांच्या, परीक्षकांच्या, संपादकांच्या हातून हे पान गेलं, कोणाचं बोट तिथे अडलं नाही. पुढे त्याचे कितीतरी लेख मागे घेतले गेले. आणि तरी, १९९२ साली दोघा अभ्यासकांनी तपासलं तेव्हा ते लेख त्यानंतरही उद्धृत होत होते, आणि बरेचदा चांगल्या अर्थाने. गारफील्डला १९५५ साली जे थांबवायचं होतं, ते हेच. शेपर्डच्या वहीत त्या दाखल्यांपुढे ‘फिरवला’ हे अक्षर दिसलं असतं.

एच-इंडेक्स आला २००५ मध्ये. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी तो मांडला. आपले सगळे लेख दाखल्यांच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा ते ४८, ३३, २०, ११, ९, ६, ५, २ असे आहेत. सहाव्या लेखाला ६ दाखले आहेत, सातव्याला ५ च. म्हणून एच-इंडेक्स ६. बेचाळीस म्हणजे निदान ४२ दाखले मिळालेले ४२ लेख. ज्याने आयुष्यात दोनच लेख लिहिले आणि दोन्हींनी जग बदललं, त्याचा इंडेक्स २. भौतिकशास्त्रात कायम नोकरीसाठी १२, प्राध्यापकपदासाठी १८ असावा, असा अंदाजही हिर्श यांनी देऊन टाकला, आणि निवड समित्यांना आयती पट्टी मिळाली. त्याआधीच्या वर्षी स्कोपस आणि गूगल स्कॉलर सुरू झाले होते. ग्रंथालयात जाऊन भिंगाने बघायची गोष्ट आता फुकट आणि बसल्या जागी. पंधरा वर्षांनी, २०२० साली, खुद्द हिर्श यांनी लिहिलं की आपल्या मापाचे परिणाम वाईटही झाले आहेत. २०१२-१३ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा हेच सांगत होते. संस्थांनी त्यांवर सह्या केल्या आणि अर्जाच्या नमुन्यात एच-इंडेक्सचा रकाना तसाच ठेवला.

आपल्याकडे नियमांनीच मोजणी लादली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या कामाला गुण ठरवून दिले. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ साली मेडिकल कॉलेजातल्या बढत्यांसाठी पेपरांची अट स्पष्ट केली: इ-जर्नल चालणार नाही आणि श्रेय फक्त पहिल्या दोन लेखकांना. कॅथ लॅबमध्ये पाच जण राबतात, पण त्या अटीत तिसऱ्याची किंमत शून्य होती. मागणी आली तसा पुरवठाही आला. पैसे भरा, पेपर लावा, अशी दुकानं निघाली. २०१८ साली भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीची झडती घेतली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेल्या, अन्य सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात असं त्यात निघालं. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. यादी गेली, अट राहिली.

यावर उतारा आहे, आणि तो हिर्श यांच्याच विद्यापीठात त्यांच्या मापाच्या वीस वर्षं आधी सापडला होता. तिथे रॉबर्ट स्लट्स्की हा हृदयाच्या चित्रणावर काम करणारा डॉक्टर होता. सात वर्षांत १३७ पेपर, बहर होता तेव्हा दर दहा दिवसांना एक. आजचे सगळे रकाने त्याने भरून वाहवले असते. १९८५ मध्ये त्याचं नाव बढतीसाठी आलं. समितीतल्या एकाने पेपर मोजण्याऐवजी वाचले, आणि दोन वेगळ्या लेखांत, वेगळ्या रुग्णांच्या आकड्यांवरून, सांख्यिकी मात्र हुबेहूब तीच निघते हे त्याच्या ध्यानात आलं. चौकशीअंती ७७ लेख ठीक ठरले, ४८ शंकास्पद आणि १२ बनावट.

निवड समितीवर बसणाऱ्या आपल्या वाचकांकडे म्हणून एवढंच मागणं आहे. उमेदवाराला एच-इंडेक्स विचारू नका. त्याला स्वतःला चांगले वाटणारे तीन पेपर आधी मागवा, मुलाखतीपूर्वी वाचा, आणि मुलाखतीत त्यातला एक तक्ता त्याला समजावून सांगायला लावा.